गावच्या जावयाची गाडी

(मलकापुरात हायवेच्या कडेला गफ्फार मिस्त्रीचं गाड्यांच्या बॉडीचं गॅरेज. मे महिन्यातली टळटळीत दुपार. पत्र्याखाली एक जुनी मिनीबस उभी आहे. एके काळी ती बियाण्याच्या कंपनीची प्रचारगाडी होती. आता तिच्या पोटात झोपायच्या फळ्या बसताहेत. गाडीचा मालक माणिकराव, त्याची बायको सिंधूताई आणि गफ्फार असे तिघं आत दाटीनं उभे आहेत. गफ्फार सिंधूताईच्याच माहेरचा, धामणगाव बढ्याचा.)

माणिकराव : मी पाच म्हटल्या होत्या, गफ्फारभाई. पाच. बोटावर मोजून देल्ल्या होत्या. ही सहावी फळी कोठून आली?

गफ्फार : ताईनं सांगतली.

माणिकराव : अन् इतकी खालती? जमिनीपासून इतभर? हिच्यावर काय मांजर झोपणार हाय?

सिंधूताई : मांजर नाई, माही माय झोपन. गुडघ्यानं वर चढवत नाई तिले, म्हणून खालती घेतली.

माणिकराव : सिंधू, आपलं ठरलं होतं ना? तू, मी, धम्मरत्न, सूनबाई अन् आपली पोरगी महामाया. बुद्धपौर्णिमा झाली का दुसऱ्या दिवशी सकाळी निंघाचं. अजिंठा, वेरूळ, म्हैसमाळ. चार दिवसात वापस.

सिंधूताई : ठरलं होतं म्हणजे तुमी ठरवलं होतं. मी ऐकलं होतं.

माणिकराव : अवं पण पाण्याची टाकी पाच माणसायच्या अंदाजानं घेतली.

सिंधूताई : माही माय काय हत्ती हाय का सोंडेनं पाणी प्याले?

गफ्फार : टाकीची फिकर नोका करू, जवाईबापू. दोनशे लीटरची हाय, बिलकुल पुरन. नळ मांगच्या बाजूनं काढला. भांडे तिथंच घासता येतील, आत चिखल नाई होणार.

सिंधूताई : ऐकलं? भांडे घासाची बी सोय झाली. घर सोडून फिराले जाऊन राह्यलो अन् शेगडी, भांडे, बादली, समदं मांगं मांगं येऊन राह्यलं. धम्मरत्न फोनवर सांगे, आई, पुण्यात असल्या गाडीले कॅम्पर म्हणतात, लोक लय मजा करतात. मी म्हटलं, बाबू, त्या गाडीत भाकरी कोण थापते ते पयले सांग, मंग मजेचं पाहू.

माणिकराव : तुले तं कशाचाच आनंद नाई. बावीस वर्सं दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या मी. आता सोताची हाय. ना लॉज पाहाची गरज, ना हॉटेल. खिडक्यायले जाळ्या बसवल्या, वर वाळ्याचे पडदे लावणार हाय. घरगाडी हाय ही, सिंधू. जिथं मन लागन तिथं थांबा.

सिंधूताई : हाव, तेच म्हणून राह्यली मी. माहं मन धामणगावात लागते. तिथं थांबा.

माणिकराव : धामणगाव वाटेवर नाई.

सिंधूताई : वाटेवर नाई तं जराशी वाट वाकडी करा. चाक निंघून पडणार हाय का?

माणिकराव : मोताळा, बुलडाणा अन् तिकून अजिंठा. सरळ डांबरी रस्ता हाय. तिकडचा रस्ता पाह्यला का तू? गड्डेच गड्डे.

गफ्फार : झाला आता तो रस्ता. माहा भाऊ अकील परवाच मोटरसायकलवर आला. म्हणे पोटातलं पाणी हालत नाई.

माणिकराव : अन् गल्लीतल्या तारा? गाडीच्या टपावर सामान राह्यन. तारा खालती लोंबतात तिथं.

गफ्फार : तारा बी वर घेतल्या, बापू. दोन वर्सं झाले.

सिंधूताई : सांगा, अजून काय सांगता? गावात वाघ आला म्हणा.

माणिकराव : मी काय म्हणतो, आईले मोताळ्याले बोलाव ना. सकाळची एसटी हायच. स्टँडवर येऊन उभी राह्यली का आपण घेऊ गाडीत. तिलेबी बरं, आपल्यालेबी बरं.

सिंधूताई : पंचाहत्तर वर्साची बाई, दोन गुडघ्यायले दोन फडके बांधून एसटीच्या पायऱ्या चढन. पोरगं नाई, सून नाई, पिशवी तिची तिनंच धरायची. अन् जवाई तिकून बसाले जागा असलेली गाडी घेऊन स्टँडवर वाट पाहीन. रुक्मिणीबाईचा जवाई मोठा शहाणा म्हणतील लोक.

माणिकराव : लोक कायबी म्हणतात.

सिंधूताई : नाई म्हणत हो. तेच तं दुखणं हाय.

माणिकराव : काय?

सिंधूताई : काई नाई. गफ्फार, ती फळी पक्की कर. काढायची नाई.

माणिकराव : थांब गफ्फार. हत्यार ठेव खाली. आधी रंगाचं सांग. मी तिसरा हात माराले सांगतला होता, तो मारला का?

गफ्फार : दोन हात मारले. बाहेर येऊन पाहा ना. लांबून काईच दिसत नाई. जवळून पाह्यलं तं कापसाचं बोंड थोडंसंक दिसते. जुना ऑइलपेंट हाय, आंगातून वर येते.

माणिकराव : तं मंग घासून काढ. पत्रा उघडा पडला तरी चालन, पण बोंड दिसलं नाई पाह्यजे.

सिंधूताई : अजिंठ्याचे लोक काय कापसाचं बोंड पाहून दगड मारणार हाय का?

माणिकराव : अजिंठ्याच्या लोकायचं नाई म्हणून राह्यलो मी.

सिंधूताई : मंग?

माणिकराव : सोड.

सिंधूताई : चोराच्या मनात चांदणं. सात वर्सं झाले, मी पाहून राह्यली. रंगरावकाकाच्या पोरीचं लगन झालं तवा तुमी शेवटचे आले. त्याच्यानंतर किती लगनं झाले, किती माणसं गेले, जानरावमामा गेला, तवाबी मी एकलीच गेली एसटीनं. दरवेळी माय दारात उभी राहून माह्या मांगं पाहे, जवाई दिसतात का म्हणून. अन् मी तुमाले आजारी पाडो. कधी तुमचं पोट बिघडवलं, कधी कंबर धरली, एकदा तं कावीळच करून टाकली. कावीळ म्हटल्यावर मायनं औषधी मुळी बांधून देल्ली पदरात. ती मी मोताळ्याच्या स्टँडवर फेकून देल्ली. आईनं देल्लेली वस्तू फेकली हो मी तुमच्यापायी.

माणिकराव : मी सांगतलं होतं का तुले खोटं बोलाले?

सिंधूताई : मंग खरं काय सांगायचं होतं? तेच सांगा आज. गफ्फारसमोर सांगा. तो माह्या गावचा भाऊ हाय, परका नाई.

गफ्फार : ताई, मी जरा चहाचं पाहून येतो.

सिंधूताई : कोठी जाऊ नोको तू. बस त्या डब्यावर.

माणिकराव : त्याले काऊन मधात घेतं? बिचारा कामाचा माणूस.

सिंधूताई : मीच म्हटलं होतं ना, गाडी गफ्फारकडं न्या म्हणून? तुमी तं खामगावले नेऊन राह्यले होते. उगंच म्हटलं होतं का मी?

माणिकराव : आता हे काय नवीन?

सिंधूताई : तुमी बोला पयले.

माणिकराव : काय बोलू? तुले ठाऊक हाय. बियाण्याचं.

सिंधूताई : मले काय ठाऊक हाय ते मंग सांगीन. तुमी सांगा.

माणिकराव : बाजाराचा दिवस होता, धामणगावचा. मिरगाच्या आधीचा बाजार. कॅसेट लावायची अन् हीच गाडी हळूहळू फिरवायची, एवढंच माहं काम. बोलणारा कॅसेटमधला, मी फक्त स्टेअरिंगवाला. "ओलिताची सोय असलेल्या शेतकरी बंधूंनो, हे कपाशीचं बीटी वाण खास तुमच्यासाठी." समदं छापील. पण गाडी गावात शिरली अन् लोकायनं घेरली. जवाई आले, जवाई आले. कोणी पान आणलं, कोणी पाणी आणलं, तुह्या रंगरावकाकानं भर बाजारात नारळ देल्ला हातात. सिंधू, मी ड्रायव्हर माणूस. मले जन्मात 'ए गाडीवाले' सोडून कोणी काई म्हटलं नव्हतं. कंपनीचा साहेब बी मले नावानं हाका नाई मारे. त्या दिवशी मले वाटलं, मीबी काई तरी हाय. कॅसेट बंद केली अन् माईक घेतला हातात.

गफ्फार : "गावकऱ्यायहो, हा कंपनीचा माणूस नाई बोलत, तुमचा जवाई बोलून राह्यला. जवाई कधी पोरीच्या गावाले फसवन का?"

माणिकराव : तुले कसं ठाऊक?

गफ्फार : तिथंच होतो. बैलबाजाराच्या कडेले, मांगं.

माणिकराव : तू तवा मलकापुरात नव्हता?

गफ्फार : नाई. मलकापुरात नंतर आलो. तवा माहं पाच एकर होतं, एक बैलजोडी होती. गाव सोडाची कधी गरज नव्हती पडली.

माणिकराव : म्हणजे तूबी लावली ती पऱ्हाटी?

गफ्फार : समद्यायनं लावली. मी काऊन मांगं राहीन?

माणिकराव : पण मांगून एकानं इचारलं होतं. मले आवाज आठवते, तोंड नाई दिसलं. तो म्हणे, आमच्याकडं विहिरी नाई, कोरडवाहूले चालन का? एकट्यानंच इचारलं. बाकी समदे टाळ्या वाजवून राह्यले होते.

गफ्फार : मीच होतो तो.

माणिकराव : तू?

गफ्फार : हाव. जोडीचा कासरा हातात होता माह्या. तुमी म्हटलं, "चालते बापा! मुरमाड वावरातबी चालते. न चालली तं माह्या नावानं शिव्या द्या." लोक हसले. मीबी हसलो.

माणिकराव : कंपनीच्या कागदात लिहेल होतं, गफ्फार. फक्त ओलितासाठी. मी वाचलं होतं. अक्षर अन् अक्षर वाचलं होतं. तरी म्हटलं. त्या टाळ्यायपुढं नाई म्हणता नाई आलं मले. कंपनीनं नाई सांगतलं, साहेबानं नाई सांगतलं, कोणाचा दाब नव्हता. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

गफ्फार : पयल्यांदा चांगली दिसे. कमरेएवढी झाली. माही अम्मी वावरात येऊन झाडावर हात फिरवे. मंग ऐन फुलावर पाऊस गेला. वीस-बावीस दिवस वर ढग नाई. पानं लाल पडली, लाल्या आला. पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल झाली, बापू. दसऱ्याले लोक सोनं वाटत होते अन् आमी झाडं मोजत होतो, कोणावर चार बोंडं हाय, कोणावर पाच.

माणिकराव : अन् तू महिना झाला माही गाडी करून राह्यला. रोज मले चहा पाजून राह्यला. एक शब्द नाई काढला.

गफ्फार : गाडी पयल्या दिवशीच वळखली होती मी. दारात उभी केली तवाच.

माणिकराव : मंग बोलला काऊन नाई? थोबाडीत काऊन नाई मारली?

गफ्फार : जवायाले कोण हात लावते? जवाई एका घरचा नसते, गावाचा असते. जवायाले बोललं तं ते पोरीले लागते. आमचे बुजुर्ग म्हणे, जे झालं ते झालं, रुक्मिणीबाईच्या पोरीचं सासर खराब करू नोका. गावानं तोंड बंद ठेवलं. कोणी कंपनीले शिव्या देल्ल्या, कोणी ढगाले. तुमचं नाव नाई काढलं कोणी.

माणिकराव : त्याच वर्सी रंगरावकाकाच्या पोरीचं लगन होतं. आठवते तुले, सिंधू? मी चांगला तयारीनं गेलो होतो. वाटलं, आज चार लोक बोलतील, बोलू दे, ऐकून घेऊ. तं मले पाटावर बसवलं. टॉवेल, टोपी, नारळ. ज्यायच्या घरात त्या वर्सी नवं लुगडं नाई आलं, त्यायनं मले आग्रह कर करून वाढलं. जवाई, अजून एक घ्या. जवाई, लाजू नोका. मी नुसतं ताट चिवडत राह्यलो. एकानं जरी शिवी देल्ली असती तं मी पोटभर जेवलो असतो. वापस येताना मोताळ्याच्या पुढं गाडी थांबवून वकलो मी. तुले सांगतलं, तेल खराब होतं.

सिंधूताई : मले वाटलंच होतं तेल खराब नव्हतं म्हणून.

माणिकराव : तवापासून नाई जाववत. तुले काय वाटते, मले तुह्या मायचा राग हाय? त्या माउलीनं कधी अरे म्हटलं नाई मले. मले त्यायचा चहा नाई पेववत, सिंधू. एवढंच हाय.

गफ्फार : झाकली मूठ होती, बापू. झाकलीच राहू द्याची होती.

सिंधूताई : झाकली मूठ! मले हसू येऊन राह्यलं, गफ्फार. म्हणे जवायाले बोललं तं पोरीले लागते.

गफ्फार : खरंच हाय ना, ताई.

सिंधूताई : हाव, खरं हाय. म्हणून त्यायनं मधलं माणूसच काढून टाकलं. सरळ पोरीलेच बोलले.

माणिकराव : काय?

सिंधूताई : मले बोलले. सात वर्सं झाले. जवाई पाहुणा, त्याले पाट. पोरगी गावची, तिले काई बी बोलता येते. हातपंपावर बादली लावली का बाया बाजूले सरत. पयले मले वाटे, मान देऊन राह्यल्या. मंग एक जण म्हणे, भर बाई तू पयले, तुह्या मालकाची गाडी उभी असन. अन् गाडी कोठी होती? मी एसटीनं गेल्ती.

माणिकराव : कोण म्हटलं असं?

सिंधूताई : आता नावं कायले पाह्यजे? मायनं गोधडी भराले काकूले जरासा कापूस मागतला. दरवर्सी देत होत्या त्या, न मागता. तं काकू म्हणे, वैनी, तुमच्या जवायाच्या बियाण्याचा कापूस हाय हा, डोळ्यानं पाहून घ्या, हातात घेतला तं संपून जाईन. माय तशीच वापस आली अन् जुन्या लुगड्याचेच धांदोटे भरले गोधडीत. मी तिथंच बसेल होती, उंबऱ्यावर.

गफ्फार : या गोष्टी मले नाई ठाऊक, ताई. खुदा कसम. आमी माणसं चावडीवर बसून म्हणत होतो, कोणी काई बोलाचं नाई.

सिंधूताई : तुमी माणसं चावडीवर चूप बसले, अन् घराघरातून बाया बोलल्या. त्यायनं तरी काय कराचं होतं? तुही अम्मी बी बोलली मले.

गफ्फार : अम्मी?

सिंधूताई : बिस्मिल्लाखाला. जिनं मले लहानपणी कडेवर घेऊन बोरं चारले, ती. बाजारात माहा हात धरला अन् म्हणे, बेटी, माह्या पोरानं भर बाजारात इचारलं होतं, कोरडवाहूले चालन का. तुह्या घरवाल्यानं तोंड वर करून हो म्हटलं. आता माह्या पोराचे बैल गेले, माह्या पोरीचं, फिजाचं लगन लांबलं, पोरगा मलकापुरात लोखंड जाळून राह्यला. तू सांग, मी कोणाले बोलू? मी म्हटलं, खाला, मलेच बोला. तं रडाले लागली.

गफ्फार : अम्मीच्या वतीनं मी माफी मांगतो.

सिंधूताई : तू कायची माफी मांगतं रे बाबा? तिचं काय चुकलं? 

माणिकराव : म्हणजे तुले समदं ठाऊक होतं. कोरडवाहूचं बी.

सिंधूताई : पयल्या वर्सीच.

माणिकराव : अन् तू मले सांगतलं नाई.

सिंधूताई : सांगून काय झालं असतं? लगनातून आल्यावर तुमी आठ दिवस धड जेवले नाई. मी म्हटलं, हा माणूस एवढ्यानंच वाळला, हे ऐकलं तं अंथरूण धरन. पोट्टे शिकत होते. तवा मीच ऐकून घेतलं. दोन शब्द हाय, आंगाले भोकं पडत नाई म्हटलं. पण पडतात हो. दर फेरीले एक-एक पडते. माहेरी जाऊन कधी मुक्काम नाई केला मी. सकाळच्या एसटीनं जायचं, मायले भेटायचं, दुपारच्या एसटीनं वापस. माय म्हणे, राह्य ना पोरी एक रात. मी म्हणो, त्यायले बरं नाई, स्वयंपाक कराचा हाय. थकली मी. खरं सांगते, लय थकली.

माणिकराव : सिंधू, माह्याकडं पाह्य.

सिंधूताई : पाहून काय करू? पाहूनच राह्यली तीस वर्सं.

माणिकराव : गफ्फार, तू बोल मले. ताई समोर हाय, तिच्या देखत बोल. माह्या तोंडानं म्हटलं होतं मी, न चालली तं शिव्या द्या. दे.

गफ्फार : आता नाई येत, बापू. तवा मांगतल्या असत्या तं देल्ल्या असत्या, दोन्ही भाषेत देल्ल्या असत्या. आता दिवसभर वेल्डिंग करून डोळे जळतात, घरी गेलो का पडतो. शिव्या द्यालेबी आंगात दम लागते.

माणिकराव : मंग मी काय करू? धामणगावात जातो. बाजाराच्या दिवशीच जातो. गाडी मधात उभी करतो, माईक लावतो अन् साऱ्या गावापुढं माफी मांगतो.

सिंधूताई : माईकचं नाव काढू नोका!

गफ्फार : नाई बापू, माईक नोका.

सिंधूताई : एकदा माईक धरला अन् गाव बसलं. आता दुसऱ्यांदा धरतात. लोक पुन्हा टाळ्या वाजवतील, जवाई मोठ्या मनाचा म्हणतील, पाट टाकतील, नारळ देतील. अन् मी पुन्हा हातपंपावर.

माणिकराव : मंग कशी मांगू माफी? तू सांग ना. मले समजत नाई, सिंधू. त्या गावात मले कोणी बोलूच देत नाई अन् बोलत बी नाई. पाटावर बसलेल्या माणसानं कसं खाली उतराचं?

सिंधूताई : पाट टाकला तं बाजूले सारायचा अन् जमिनीवर बसायचं. त्यात काय शिकवाचं हाय?

माणिकराव : अन् चहा देल्ला तं?

सिंधूताई : प्यायचा. मी त्यायचं बोलणं पचवलं इतके वर्सं. तुमच्यानं एक कप चहा पचत नाई?

गफ्फार : ताई बरोबर म्हणून राह्यली. एकेकाच्या घरी जा, बापू. बाजारात नोका बोलू, चुलीपाशी बोला. सांगा, कागदात लिहेल होतं अन् मी वाचलं होतं. तेवढं कोणालेच ठाऊक नाई आजपोत. मलेबी आज समजलं.

माणिकराव : ते ऐकून तुले काय वाटलं?

गफ्फार : खरं सांगू? बरं नाई वाटलं. महिनाभर वाटत होतं, गडी भोळा हाय, कंपनीनं यालेबी फसवलं. आता तसं म्हणता येत नाई.

माणिकराव : मंग गाडीचं काम सोडतं का?

गफ्फार : सोडतो कायले? घेतलं काम पुरं करीन. पण आज चहा तुमी पाजा.

माणिकराव : पाजतो. एक नाई, दोन पाजतो.

सिंधूताई : अन् ती फळी?

माणिकराव : राहू दे. पक्की कर, गफ्फार. कोपऱ्यायले रबर लाव, म्हातारीच्या पायाले लागलं नाई पाह्यजे. तिसरा हात बी नोको मारू. वळखू दे कोणाले वळखायची ते.

गफ्फार : टपावरच्या भोंग्याचे भोकं तेवढे बुजवतो. पाऊस आला तं आत गळन.

माणिकराव : सिंधू, असं करू. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धामणगावले जाऊ. दुपारपोत मायले घेऊ अन् निंघू. तसंबी तो सोमवार हाय, अजिंठा बंद असते, मंगळवारी सकाळी पोचलो तरी चालन. धम्मरत्नले फोन करून सांगतो.

सिंधूताई : दुपारपोत नाई.

माणिकराव : मंग?

सिंधूताई : दोन दिवस थांबू. चार दिवसाची सहल हाय ना? दोन दिवस तिथंच.

माणिकराव : अन् वेरूळ? म्हैसमाळ? तूच म्हणत होती, डोंगर पाह्यला नाई कधी.

सिंधूताई : डोंगर कोठी पळून जाते? हजार-दोन हजार वर्सं उभा हाय, अजून एक वर्स राह्यन. पोट्ट्यायले पाठवू गाडी घेऊन, धम्मरत्नले येते चालवता. त्यायले पाहू दे. आपण दोघं मायपाशी राहू.

माणिकराव : एवढी गाडी केली, फळ्या केल्या, टाकी केली, अन् तू धामणगावच्या पुढं येणार नाई?

सिंधूताई : तुमी म्हटलं ना, जिथं मन लागन तिथं थांबा?

माणिकराव : ठीक हाय. पण मी तिथं दोन दिवस करू काय? एकेकाच्या घरी जाईन, ते तं अर्ध्या दिवसात होईन.

सिंधूताई : नाई होणार. तुमी आले म्हणून समजलं का बाया येतील, मलेच बोलाले येतील. त्यायची सवय हाय ती.

माणिकराव : मंग?

सिंधूताई : मी आत मायपाशी पडन. दुपारभर पडन, संध्याकाळ झाली तरी पडन. तुमी बाहेर वट्ट्यावर बसजा. कोणी आलं का म्हणजा, सिंधू निजली हाय, काय बोलाचं ते मले बोला.